तुम्ही विचारलंत म्हणून : वादळाला जोर येतो कुठून

श्रीवर्धनला आमची सुपारीची वाडी बघायला येणारा बहुतेक जण हेच विचारतो, 'सर, वाऱ्यात एवढी ताकद येते कुठून?' मी समुद्राकडे हात केला की लगेच, 'म्हणजे कमी दाबाचा पट्टा ना?' अहो, दाब कमी होतो, कबूल. पण तो मुळात उतरतो कशामुळे, हे ऐकायला कुणी थांबत नाही. आज लिहूनच टाकतो.

मे अखेरीस अरबी समुद्राचं पाणी ३० अंशांच्या घरात असतं. वादळाला साडेसव्वीस पुरतात. पाण्याची वाफ होताना ती समुद्राची उष्णता घेऊन निघते. एक लिटर पाणी ३० अंशांपासून उकळी फुटेपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे आठपट उष्णता त्याच लिटरची वाफ व्हायला लागते. वर थंडाव्यात वाफेचं पुन्हा पाणी झालं की ती सगळी सुटते. हवा तापून हलकी होते, खालचा दाब उतरतो, चहूकडची हवा आत धावते. पृथ्वी फिरते म्हणून ती गोल वळते, पण जोर त्यातून येत नाही. उलट धावता वारा समुद्रावरून आणखी वाफ उचलतो आणि वादळ स्वतःच स्वतःला पोसतं. जमिनीवर आलं की वाफ तुटते, ते विझायला लागतं.

पण विझण्याआधी वाटेत आम्ही असतो.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. टाळेबंदीमुळे मुलगा मुंबईहून घरी आलेला. कौलं उडायला लागल्यावर आईला घेऊन आम्ही माजघरात बसलो. दाराला आतून मी आणि मुलगा खांदा लावून. सुपारीचं झाड लवचीक, वाकतं आणि उठतं, हे मी लहानपणापासून बघितलेलं. त्या दिवशीही आधी वाकली. मग मधोमध तुटायला लागली, एक दुसरीवर, दुसरी तिसरीवर. आवाज ऐकून आई म्हणाली, 'आजोबांच्या हातची गेली रे.' वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा. वेग चौपट झाला की झाडावरचा रेटा सोळापट होतो, हे मी शाळेत फळ्यावर सोडवून दाखवलेलं गणित. संध्याकाळी दार उघडलं तर विहिरीपर्यंत आडव्या खोडांवरूनच जावं लागत होतं.

कारण समजलं की भीती जाते, असं मी वर्गात ठासून सांगायचो. आता नाही सांगवत. शेजारचे काका विचारतात, 'पाणी तर दर मे महिन्यात तापतं, मग दरवर्षी वादळ का नाही?' वरच्या थरातले वारे वेगळ्या वेगाने वाहत असले तर वादळाचा खांब तिरपा होऊन मोडतो, हे मी सांगतो. 'मग त्याच दिवशी आमच्याच वाडीवर का?' याला माझ्याकडे उत्तर नाही. आणि हीच वाफ पावसाळाही आणते, त्या पावसावरच ही वाडी उभी आहे. तिला शिव्या तरी कशा घालू?

अरबी समुद्र तापत चाललाय. मुलगा म्हणतो, बाबा, सुपारी सोडून दुसरं काही लावा. मी पुन्हा इथल्या रोठा जातीच्या सुपारीचीच रोपं लावली. त्याचं म्हणणं चूक आहे, असं मात्र मला दाखवून देता आलेलं नाही.