सायलेन्सर लावायचा असेल तर मॅग्नम रायफलीची नळी किती इंच?

आधी कायद्याचं बोलू. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा छंद संपला. बंदुकीचा आवाज कमी करणारं साधनही शस्त्र नियमांच्या प्रतिबंधित यादीत आहे. नान्नजच्या माळावर काळवीट बघायचं ते दुर्बिणीतून, एवढंच. हा लेख आहे न्यूझीलंडला स्थायिक झालेल्या आणि तिथला परवाना काढलेल्या सोलापूरकरांसाठी. तिथली हरणं बाहेरून आणलेली. ताहर ही रानबकरीही मूळची हिमालयातली, १९०४ साली तिथे सोडलेली. त्यांना खाणारं जनावर तिथे नाही, म्हणून डोंगरावरचा झाडोरा वाचवायला सरकारच त्यांची संख्या खाली आणतं. सायलेन्सर तिथे सर्रास वापरतात.

मॅग्नम (जास्त दारूचं, जोरदार काडतूस) म्हटलं की २६ इंच नळी, हे सायलेन्सर नसतानाचं गणित आहे. २६ इंचांपुढे सात इंचांचा सायलेन्सर आला की नळी आणि तो मिळून ३३ इंच होतात. अशी रायफल झुडपात अडकते, पाठीवर घेतली की डोक्याच्या वर फांद्यांना लागते. शिवाय टोकाला ४०० ग्रॅम वजन लटकल्यामुळे उभ्याने नेम धरताना नळीचं तोंड खाली झुकतं. म्हणून हिशोब उलटा करा. सायलेन्सरसकट एकूण किती लांबी पेलवेल ते आधी ठरवा, त्यातून सायलेन्सर वजा करा, उरेल ती नळी. मग ती नळी तुमच्या अंतराला पुरते का ते तपासा.

तपासायचं असं. थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नम, म्हणजे विन मॅग, या काडतुसात १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २४ इंचाच्या नळीतून सेकंदाला साधारण ९०० मीटर वेगाने निघते. नळी एक इंच कापली की सात-आठ मीटर वेग जातो. २४ची २० केली तर सुमारे ३० मीटर. हा आकडा कागदावर मोठा वाटतो. पण हीच गोळी पहिल्या दोनशे मीटरांत दर मीटरला अर्ध्या मीटरहून थोडा जास्त वेग गमावते. म्हणजे चार इंच कापल्याने गोळी जणू ५०-५५ मीटर मागून सुटल्यासारखी होते. नेम चुकायचं हे कारण नाही, कारण स्कोपची गणितं नव्या वेगाला बसवता येतात. खरी मर्यादा गोळी उमलण्याची, म्हणजे जनावराच्या अंगात शिरल्यावर पसरण्याची असते. बऱ्याच शिकारी गोळ्यांना उमलायला सेकंदाला ५५० मीटरच्या आसपास वेग लागतो. त्याखाली ती सुईसारखी आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. तुमच्या गोळीचा हा आकडा उत्पादकाकडून घ्या, किती अंतरावर वेग तिथवर उतरतो ते काढा, आणि त्याच्या अलीकडेच हात आवरा. जनावराला तडफडत ठेवण्याचा हक्क कुणालाच नाही.

माझं मत: ४०० मीटरच्या आतच मारणार असाल आणि चढ चढायचे असतील तर विन मॅगला २० इंच पुरे. त्यापुढच्या अंतराचा सराव पक्का असेल तर २२. सेव्हन एमएम रेमिंग्टन मॅग्नमलाही मी २२ म्हणेन. थ्री हंड्रेड पीआरसी या काडतुसात दारू जास्त आणि ती सावकाश जळणारी, तिथे २४च्या खाली जाऊ नका. नाहीतर खांद्याला धक्का मॅग्नमचा आणि वेग साध्या काडतुसाच्या जवळचा.

आखूड नळीचा त्रास वेगापेक्षा तोंडाशी जास्त. गोळी बाहेर पडताना मागच्या वायूचा दाब अजून चढाच असतो. तो थेट सायलेन्सरच्या पहिल्या पडद्यावर (आतल्या भोकाच्या चकतीवर) आदळतो आणि पडदा झिजतो. म्हणूनच सायलेन्सरच्या माहितीपत्रकात प्रत्येक काडतुसामागे नळीची किमान लांबी दिलेली असते. ती आधी वाचा, नळी नंतर कापा. आवाजही वाढतो. आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते तेव्हाचा तडाखा कुठलाच सायलेन्सर घालवत नाही, त्यामुळे कानाला संरक्षण हवंच.

नळी कापणं आणि सायलेन्सर बसवायला तिच्या तोंडाला आटे पाडणं हे तिथल्या परवानाधारक बंदूक कारागिराचंच काम. काय मागायचं ते मात्र तुम्हाला माहीत हवं. आटे मिलिमीटरी १४ × १ (१४ मिलिमीटर व्यास, दर मिलिमीटरला एक आटा) असतील तर पॉइंट थर्टीच्या, म्हणजे ०.३० इंची भोकाच्या नळीची भिंत आट्यांच्या तळाशी जेमतेम अडीच मिलिमीटर उरते. पाच अष्टमांश इंच व्यास, इंचाला २४ आटे, यात साडेतीनच्या जवळ. मॅग्नमला दुसरेच घ्या. नळी मागे जाड असल्याने कापल्यावर आट्यांमागचा खांदाही रुंद मिळतो. तो खांदा भोकाशी काटकोनात हवा. केसभर तिरका असला तरी सात इंच पुढे गोळी पडद्याला घासते. पहिल्या गोळीआधी मापाची सरळ सळई नळीतून घालून सायलेन्सरच्या भोकात ती मधोमध दिसते का ते बघायचं, रायफल रिकामी करून, बोल्ट काढून. कापलेल्या तोंडाची कड नव्याने घासून घ्यायची. तिथला ओरखडा गोळीला बाजूला ढकलतो.

वेग मोजायचा तो सायलेन्सर लावून आणि शिकारीच्या हवेत. सोलापूरच्या मे महिन्यातलं ४२ अंश ज्यांनी अंगावर घेतलंय त्यांना हे पटकन कळेल. उष्णतेने बदलणाऱ्या दारूत एका अंशाला अर्धा मीटर वेग हलू शकतो. ३० अंशांच्या उन्हात मोजून शून्य अंशाच्या कड्यावर गेलात तर १५ मीटर कमी, म्हणजे दोन इंच नळी न कापताच गेली. लोक इंचावरून वाद घालतात आणि हे विसरतात.

नेमही सायलेन्सर लावूनच बसवा. काढला की गोळी दुसरीकडे लागते. सलग तीन-चार गोळ्यांनंतर त्याच्यावरून उठणारी गरम हवा स्कोपमध्ये लहरते, तेव्हा थांबा किंवा कापडी खोळ चढवा. घरी आल्यावर गार होताच तो काढून उभा वाळवा, नाहीतर आतल्या काजळीतला ओलावा नळीच्या तोंडाला गंज आणतो आणि आटे जाम होतात.