आईचे घोटे आणि एक फॉर्म

आईला बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झाली आणि दोनेक आठवड्यांत तिचे घोटे असे सुजले की चपलेच्या पट्ट्याचे वळ झोपेपर्यंत जाईनात. आई म्हणे वयाचंय, मी म्हटलं मीठ जास्त होतंय, शेवटी मेडिकलवाले काकाच म्हणाले, अगं या गोळीने होतं असं, डॉक्टरांना दाखव. गोळी बदलली, सूज उतरली, विषय संपला. गोळीच्या या साइड इफेक्टची कुठे नोंद? कुणीच केली नाही.

नंतर कळलं की औषधांचे असे साइड इफेक्ट आपण पेशंटलोकही सरकारला कळवू शकतो! २०१० पासून भारतात यासाठी अख्खा कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमधून (औषधांचा दर्जा ठरवणारी सरकारी संस्था) चालतो, १८००-१८०-३०२४ हा टोल फ्री नंबर, फॉर्म चक्क मराठीतही आहे. गोळीनेच झालं हे सिद्ध करायला लागत नाही, नुसता संशय पुरे. पुढे या नोंदी स्वीडनला उप्साला शहरातल्या, जगभरातल्या अशा नोंदी जमवणाऱ्या डेटाबेसमध्ये जातात, म्हणजे आईचे घोटे डायरेक्ट युरोपात, हे ऐकून ती जाम हसली. फॉर्म भरायला बसले तर गोळी कधी सुरू केली ती तारीखच आठवेना आणि स्ट्रिप कधीच कचऱ्यात गेलेली. आता रिकाम्या स्ट्रिपा डब्यात जमवतेय, आई ओरडते, घर आहे का मेडिकल!