सारिया ते सांतियागो: प्रबंध दिल्यानंतरची पायी वारी

जर्मनीतलं मास्टर्स संपत आलं, प्रबंध सादर झाला, की बरोबर शिकलेली मंडळी चार दिशांना पांगायच्या आत एक प्रवास ठरतो. बहुतेकांचा तो रोम-पॅरिस-प्राग असा धावता दौरा असतो. आम्ही मित्रमंडळी त्याऐवजी स्पेनमध्ये 'कामिनो दे सांतियागो' चाललो. सांतियागो शहराच्या कॅथेड्रलमधल्या संत याकोबाच्या समाधीकडे जाणारी ही युरोपातली जुनी पदयात्रा. फ्रान्सच्या सीमेवरच्या सां-जां-पिये-द-पोरपासून पूर्ण 'फ्रेंच मार्ग' साधारण ७८० किमी भरतो. विद्यार्थ्याच्या उरलेल्या सुट्टीत आणि खिशात बसतो तो गॅलिसिया प्रांतातला शेवटचा तुकडा, सारिया ते सांतियागो, सुमारे ११५ किमी. यात्रा पूर्ण केल्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान १०० किमी पायी चालावं लागतं, आणि ती अट पूर्ण करणारं शेवटचं मोठं गाव सारियाच, म्हणून सर्वाधिक यात्रेकरू इथूनच निघतात. पुढच्या पोर्तोमारीनहून निघालात तर शंभर भरत नाहीत.

या तुकड्यासाठी पाच दिवस पुरतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. गटाने जाणार असाल तर सहा द्या. आणि चालायचं ज्याने त्याने आपल्या गतीने, मुक्काम मात्र सगळ्यांचा एकत्र. या दोन गोष्टी पाळल्या की मैत्री सांतियागोपर्यंत शाबूत राहते.

निघण्याआधी कागद बघा. जर्मनीचा वैध निवास परवाना आणि पासपोर्ट असला की शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, स्पेनचा वेगळा व्हिसा लागत नाही. अडचण येते ती अभ्यासक्रम संपताना. परवान्याची मुदत संपत आलेली असते किंवा तो नूतनीकरणाला दिलेला असतो. हातात तात्पुरता कागद असेल तर त्यावर देशाबाहेर जाऊन परत येता येतं का, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्या. हे कागद सगळे सारखे नसतात. विद्यार्थी म्हणून असलेला आरोग्य विमाही नोंदणीला बांधलेला असतो, तो नेमका कोणत्या तारखेपर्यंत आहे ते कंपनीकडून पक्कं करा. सरकारी विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय विमा कार्ड छापलेलं असतं, ते स्पेनच्या सरकारी दवाखान्यात चालतं. खोली सोडण्याचा व्यवहार वारीच्या आधी उरका. सुजलेल्या पायांनी परत येऊन भिंती रंगवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचं विमान गाठायचं, हे जमत नाही. मोठ्या बॅगा मागे राहणाऱ्या मित्राकडे ठेवा. त्या घेऊनच स्पेनला आला असाल तर स्पेनचं टपाल खातं सुटकेस पुढे सांतियागोला पाठवून तिथे सांभाळूनही ठेवतं.

सारियाला पोचायला सोपी वाट म्हणजे सांतियागोपर्यंत विमान, तिथून बसने लुगो, लुगोहून दुसऱ्या बसने सारिया. माद्रिदकडून रेल्वेनेही येता येतं, सारियाला स्वतःचं स्टेशन आहे. गावात चर्चमध्ये किंवा धर्मशाळेत 'क्रेदेन्सियाल' म्हणजे यात्रेकरूची शिक्क्यांची पुस्तिका दोन-तीन युरोत मिळते. तिच्यावर रोज किमान दोन शिक्के घ्यायचे. चर्च, चहा-कॉफीचे बार, धर्मशाळा, सगळीकडे शिक्का असतो. एक सकाळी वाटेत आणि एक मुक्कामावर, अशी सवय लावून घ्या. शेजारी तारीख लिहायची विसरू नका.

आळंदी-पंढरपूर चाललेल्यांना इथे सगळ्यात आधी जाणवतो तो दिंडीचा अभाव. सामानाचा ट्रक नाही, स्वयंपाकाचा तळ नाही, तंबू नाही, विणेकरी नाही. आपलं ओझं आपल्या पाठीवर. म्हणून पिशवी ३० ते ३५ लिटरची, आणि पाणी धरून वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाच्या आत. अंगावर एक आणि पिशवीत एक असे लवकर वाळणारे कपडे, रात्रीचा एक जोड, मोज्यांचे तीन जोड, रबरी चपला, पिशवीसकट अंग झाकणारा पावसाळी झगा, झोपायची हलकी पिशवी, कानात घालायचे बोळे, कपडे धुण्याचा साबण, चार चिमटे. इतकंच. गॅलिसियात उन्हाळ्यातही पाऊस येतो, त्यामुळे झगा कधीच वगळू नका. जीन्स नको, भिजली की जड होते आणि रात्रभरात वाळत नाही. पाठ दुखणाऱ्यासाठी पिशवी पुढच्या मुक्कामी गाडीने पाठवण्याची सेवा आहे, एका टप्प्याला चार-पाच युरो पडतात. पण पिशवी कुठे उतरवायची ते आदल्या रात्रीच ठरवून चिठ्ठीवर लिहावं लागतं आणि बहुतेक सरकारी धर्मशाळा अशा पिशव्या घेत नाहीत.

पायांबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण वारी अर्धवट सुटते ती तिथेच. फोड येतो घासण्याने, आणि ओली त्वचा कोरडीपेक्षा लवकर सोलवटते. पाय चालून फुगतात, म्हणून बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा आणि किमान महिनाभर वापरलेला हवा. घोट्यापर्यंतचे जड बूट या वाटेला लागत नाहीत, चांगल्या तळाचे चालायचे बूट पुरतात. सकाळी बोटांच्या बेचक्यांत आणि टाचेला व्हॅसलीन चोळा, वर लोकरीचे पातळ मोजे; सुती मोजे घाम धरून ठेवतात. दर दोन तासांनी बूट-मोजे काढून पाय दहा मिनिटं वाऱ्यावर ठेवायचे, दुपारी मोजे बदलायचे. कुठे गरम लागायला लागलं की तिथेच थांबून पट्टी लावा. 'पुढच्या गावात बघू' म्हणणाऱ्याला पुढच्या गावात फोड आलेला असतो. मोठा, दुखणारा फोड असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, जंतुनाशक लावून झाका. फोडात दोरा ओवून ठेवायची पद्धत अजून सर्रास दिसते. त्याने जंतू आत जातात. जेलची जाड पट्टी चिकटवलीत तर ती आपणहून सुटेपर्यंत ओढू नका, खालची कातडीही निघते. औषधाचं दुकान हिरव्या क्रॉसवरून ओळखा. नडगीच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं तर कारण बहुधा डांबरी उतारावरचा वेग. तेव्हा पावलं लहान करा आणि दोन काठ्या वापरा.

टप्पे असे पडतात. पहिला, सारिया ते पोर्तोमारीन, २२ किमी. ओक आणि चेस्टनटच्या सावलीतून, दगडी कुंपणांमधून वाट जाते. खांबांवर उभी केलेली धान्याची कोठारं इथूनच दिसू लागतात. फेरेइरोस गावाजवळ १०० किमीचा दगड लागतो. शेवटचा उतार विलाचानंतर तीव्र आहे, नखं वाढलेली असतील तर तिथे काळी पडतात. मिन्यो नदीचा पूल ओलांडला की गावात शिरायला उंच दगडी जिना. जुनं पोर्तोमारीन १९६० च्या दशकात बेलेसार धरणात बुडालं, आणि त्याआधी तिथलं किल्ल्यासारखं चर्च दगड न् दगड सुटा करून वर आणून पुन्हा रचलं. दगडांवर घातलेले आकडे अजून वाचता येतात, जरूर बघा.

दुसरा, पोर्तोमारीन ते पालास दे रेइ, २५ किमी. सुरुवातीपासून चढ आहे, लिगोंदेच्या डोंगरधारेवर वाट ७०० मीटरच्या वर जाते. बराच भाग मोटार रस्त्याच्या कडेने आहे. दुसऱ्या दिवशी अंग सर्वात जास्त दुखतं, हे गृहीत धरून पाण्याच्या दोन्ही बाटल्या भरून घ्या.

यानंतरच पाच आणि सहा दिवसांचा फरक कळतो. पाच दिवसवाले पालासहून थेट आर्सुआ गाठतात, २९ किमी, आणि शेवटची १४ किमी सतत ओढे उतरायचे आणि पुन्हा चढायचे. गटातल्या कुणाचा तरी गुडघा किंवा टाच याच दिवशी जाते. आम्ही मेलिदेला, १५ किमीवर, मुक्काम केला. सकाळी अकरा-बाराला पोचून कपडे धुऊन वाळवता येतात, पायांना अर्धा दिवस मिळतो. वाटेत फुरेलोसचा चार कमानींचा मध्ययुगीन पूल आहे. मेलिदे ते आर्सुआ १४ किमी, मध्ये रिबादिसोला नदीकाठी यात्रेकरूंचं जुनं रुग्णालय आहे, आता तीच धर्मशाळा. पाय नदीत सोडून बसायला याहून चांगली जागा या वाटेवर नाही. आर्सुआ ते ओ पेद्रोउसो १९ किमी, निलगिरीच्या जंगलातून, सोपी.

खाण्याचं आधी ठरवा, विशेषतः शाकाहारी असाल तर. मेलिदेचं प्रसिद्ध ताट ऑक्टोपसचं. 'काल्दो गायेगो' नावाचं भाजी-बटाट्याचं सूप दिसायला शाकाहारी, पण त्यात डुकराची चरबी असते. मसुरीच्या आमटीत सॉसेज आणि मिश्र सॅलडमध्ये टूना मासा हे ठरलेलं. म्हणून 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन अतून' (मांस नको, हॅम नको, टूना नको) हे तिन्ही शब्द म्हणा, नुसतं 'व्हेजिटेरियन' पुरत नाही. बटाट्याचं जाड ऑम्लेट, टोमॅटो चोळलेला पाव, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, आर्सुआचं मऊ चीज आणि बदामाचा केक सगळीकडे मिळतो. यात्रेकरूंची थाळी बारा-पंधरा युरोला, पण रात्रीचं जेवण बऱ्याच ठिकाणी आठच्या पुढे. तोवर भुकेने जीव जातो. सरकारी धर्मशाळांत शेगडी असते, भांडी बहुतेक नसतात, हे माहीत नसल्याने तांदूळ-डाळ घेऊन आलेले अडकतात. दुकानात शिजवलेल्या काबुली चण्यांच्या बरण्या असतात, निथळून साधारण ४०० ग्रॅम. कांदा, टोमॅटो, लिंबू, मीठ आणि घरून आणलेलं तिखट घातलं की दोघांचं जेवण झालं. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच सोय करा.

सरकारी धर्मशाळा दहा युरोच्या आसपास, आरक्षण नाही, दुपारी एकला उघडतात, जो आधी त्याला खाट. खासगी थोड्या महाग, पण आधी सांगून ठेवता येतात. जुलै-ऑगस्टमध्ये गटासाठी खासगी घ्या. आजकाल वर्षाला पाच लाखांच्या आसपास लोक प्रमाणपत्र घेतात. खाटेवर पिशवी ठेवण्याआधी गादीची शिवण उलगडून काळे ठिपके बघा, ते ढेकणांचे. प्रत्येक ठिकाणी मूळ पासपोर्ट नोंदवतात, फोटो चालत नाही.

सकाळचं गणित नीट समजून घ्या. स्पेनची घड्याळं मध्य युरोपच्या वेळेवर चालतात आणि गॅलिसिया तर पार पश्चिमेला, त्यामुळे जूनअखेर सूर्योदय सातच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर सव्वाआठनंतर होतो. अंधारात निघायचं तर डोक्याची बॅटरी हवी, नाहीतर वाट दाखवणारे पिवळे बाण नजरेतून सुटतात. हे बाण याच मार्गावरच्या ओ सेब्रेइरो गावाचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात रंगवायला सुरुवात केली. गटात पुढचा आणि मागचा यांत तासाभराचं अंतर सहज पडतं. दर आठ-दहा किलोमीटरवरचा एक बार आधी ठरवा, तिथे सगळे जमल्याशिवाय पुढचा निघत नाही. आणीबाणीला ११२.

शेवटचा टप्पा २० किमी. विमानतळाला वळसा, लावाकोया, मग मोंते दो गोसोची टेकडी, तिथून कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. बाराच्या यात्रेकरू प्रार्थनेला पोचायचं तर पेद्रोउसोहून सहाच्या आत निघावं लागतं. मोठी पिशवी कॅथेड्रलमध्ये नेता येत नाही, आधी सामानघरात ठेवा. ५३ किलोचं प्रचंड धूपपात्र रोज झुलवत नाहीत, ठराविक सणांना किंवा कुणी खास मागणी केली तरच. ते बघायला मिळेलच असं धरून तारीख ठरवू नका. प्रमाणपत्राची नोंद ऑनलाइन करून यात्रेकरू कार्यालयात पुस्तिका दाखवायची. 'कोम्पोस्तेला' विनामूल्य, लॅटिनमध्ये. अंतराचा वेगळा दाखला तीन युरो. तुमचा धर्म विचारत नाहीत, हेतू विचारतात.

दोन दिवस उरले तर बसने फिनिस्तेरेच्या समुद्रावर जाऊन या. चालत जायचं तर आणखी ९० किमी, म्हणजे चार दिवस हवेत. परतीच्या विमानात काठ्या हातातल्या सामानात सहसा घेऊ देत नाहीत. त्या सांतियागोतल्या धर्मशाळेतच कुणाला तरी देऊन टाका.