तुळस दिसेल इतकी मान

बारा वर्षं मी पंढरीच्या वारीत दिवेघाट डोक्यावर तुळस घेऊन चढले. यंदा ती धाकट्या जावेच्या डोक्यावर दिली. डोक्यावरचं ओझं पेलायला पाठ ताठ लागते आणि माझी आता पोक आलेली. वय 69, दोन मणके पुढच्या बाजूने दबलेत. पडले नाही, आपटले नाही. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होत गेली आणि मणक्यांची पाचर झाली, असं डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं. त्याआधी दोन वर्षं एका दवाखान्यातून नुसत्या दुखण्याच्या गोळ्या मिळत होत्या. नेहमीचं लुगडं पायात यायला लागलं होतं, म्हणजे उंची घटत होती. तेव्हाच कुणी पाठ बघायला हवी होती, याचं वाईट वाटतं.

पुणे ते सासवड ही मोठी मजल, तीस किलोमीटरच्या वर. सगळ्यांना धास्ती घाटाची. पण चढावर सगळेच पुढे झुकतात, तिथे माझी पाठ आडवी आली नाही. दम मात्र लागला, कारण पोक आली की छाती दबते, श्वास भरत नाही. खरे हाल घाट सरल्यावर, सपाटीला झाले. डोकं पुढे गेलेलं, ते सावरून धरायला पाठीचे स्नायू सतत मागे ओढत राहतात. पाय चालायला तयार, पण दोन खांद्यांच्या मधोमध नुसती आग. मग पावलं आखूड पडतात, दिंडी पुढे निघून जाते आणि डोळ्यांसमोर उरतात त्या पुढच्या माऊलीच्या टाचा.

बसून विसावा घेतला तर पाठ आणखी गोळा होते. म्हणून मी घोंगडीवर दहा मिनिटं उताणी पडायची. पिशवी ट्रकमध्ये, हातात दोन काठ्या. वाकून हंडा उचलायचा नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं. पुढे वाकून ओझं उचललं तर आणखी मणका दबू शकतो.

माघापासून रोज भिंतीला टाचा आणि पाठ टेकून उभी राहत होते. तेव्हा डोकं भिंतीपासून चार बोटं लांब राहायचं. पंढरपूरच्या अलीकडच्या मुक्कामी, वाखरीला, ट्रकच्या फाळक्याला टेकून उभी राहिले, जावेने मागे बोटं घालून पाहिली.

“आक्का, तीनच!”

दुसऱ्या दिवशी ती माझ्या पुढे चालली. तिच्या डोक्यावरची तुळस बघायची तर मान वर करावी लागे. इसबावीपर्यंत बहुतेक वाट मला ती दिसत होती.