'वर्डप्रेस' नावाचा स्निफ सापडेना: माझे दोन दिवस

गेल्या पावसात फोंड्याजवळच्या एका देवस्थानाच्या वेबसाइटची वर्डप्रेस थीम आम्ही दोघं करत होतो. चवथीच्या आधी ती सुरू व्हायला हवी होती. मी म्हापशात, सहकारी डिचोलीत, कोड गिटहबवर (कोड एकत्र ठेवायची ऑनलाइन जागा). तो स्पेस देऊन ओळी आत सरकवायचा, मी टॅबने. कोड एकत्र करताना रोज त्यावरून वाद. म्हणून ठरवलं, कोड पुश झाला, म्हणजे गिटहबवर चढवला, की तपासणी आपोआप व्हावी. पीएचपी कोडस्निफर (कोड नियमांत बसतो का ते तपासणारं साधन) आणि वर्डप्रेस कोडिंग स्टँडर्ड्स (वर्डप्रेसचे कोड लिहिण्याचे नियम) कंपोजरने, म्हणजे पीएचपीची पॅकेजेस उतरवणाऱ्या साधनाने, उतरवले, नियमांची एक्सएमएल फाइल थीमच्या फोल्डरात ठेवली, तपासणी गिटहबवर आपोआप चालवणारी गिटहब ॲक्शन्सची फाइल लिहिली. तासाभराचं काम.

तपासणी चालवली आणि संदेश आला: 'वर्डप्रेस' नावाचा स्निफ (तपासणीचा नियम) अस्तित्वातच नाही.

अस्तित्वात कसा नाही? कंपोजर सगळं जिथे उतरवतो त्या व्हेंडर फोल्डरमध्ये तो डोळ्यांसमोर होता. मला वाटलं नियमांच्या फाइलीत काहीतरी चुकलंय, म्हणून ती तीनदा नव्याने लिहिली. अक्षर न् अक्षर तपासलं. व्हेंडर उडवून पुन्हा उतरवलं. मध्येच वीज गेली, ती दोन तासांनी आली. पुन्हा तोच संदेश, गिटहबवरही तोच. सहकाऱ्याकडे मात्र सगळं सुरळीत! त्यामुळे माझा लॅपटॉपच बिघडलाय असं वाटून पीएचपीसुद्धा नव्याने बसवलं. पहिला दिवस असा गेला आणि रात्री मी खरंच चिडले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. म्हणाला, "अगं, आधी कोडस्निफरला मायनस आय (-i) देऊन बघ, त्याला कुठली स्टँडर्ड्स माहीत आहेत ती सांगेल." यादीत पीअर होतं, पीएसआर१२ होतं, झेंड होतं. वर्डप्रेस नव्हतंच. म्हणजे स्टँडर्ड उतरलं होतं, पण ते कुठे ठेवलंय हे कोडस्निफरला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगण्याचं काम डीलरडायरेक्टचं एक छोटं कंपोजर प्लगिन करतं. कंपोजर २.२ पासून अशा प्लगिनला चालू देण्याआधी परवानगी विचारली जाते. मला पहिल्याच दिवशी विचारली होती. अनोळखी नाव दिसलं म्हणून मी 'एन' (नाही) दाबलं. ते उत्तर कंपोजर डॉट जेसन या सेटिंग्जच्या फाइलीत अलाउ-प्लगिन्सखाली 'फॉल्स' म्हणून लिहिलं गेलं, तसंच गिटहबवरही गेलं, आणि त्यानंतर कंपोजरने पुन्हा कधी विचारलं नाही की नेहमीच्या आउटपुटमध्ये एक ओळही दाखवली नाही. सहकाऱ्याचं चालत होतं, कारण त्याने सगळं ग्लोबल, म्हणजे या थीमच्या फोल्डराबाहेर अख्ख्या लॅपटॉपसाठी, बसवलेलं होतं.

'फॉल्स'चं 'ट्रू' केलं, कंपोजर इन्स्टॉल पुन्हा चालवलं. झालं! एका शब्दासाठी दोन दिवस.

तेव्हा असा संदेश दिसला तर एक्सएमएलला हातही लावू नका. आधी मायनस आय, मग कंपोजर डॉट जेसन.

पहिल्या तपासणीत चुका निघाल्या १,८००च्या वर. बहुतेक स्पेस-टॅबच्या, त्या कोडस्निफरसोबतच येणाऱ्या पीएचपीसीबीएफ या दुरुस्ती करणाऱ्या साधनाने मिनिटभरात सुधारल्या. उरलेल्या त्याला सुधारता येत नाहीत, आणि खऱ्या त्याच असतात: सेटिंगमधून आलेला मजकूर आम्ही ईएससी एचटीएमएल (मजकुरातला एचटीएमएल कोड निष्प्रभ करणारं वर्डप्रेसचं फंक्शन) न लावता थेट छापत होतो. या एका गोष्टीसाठी हा सगळा त्रास मी पुन्हा घेईन. आणखी एक, नियमांच्या फाइलीत आपल्या थीमचं टेक्स्ट डोमेन (ज्या नावाने वर्डप्रेस भाषांतरं शोधतं ते) नक्की लिहा. आमच्या काही ओळींत जुन्या थीमचं नाव राहिलं होतं, म्हणूनच त्या मराठीत आणि कोंकणीत येत नव्हत्या. तपासणीने सगळ्या दाखवल्या.

हो, आणि पीएचपीसीबीएफ स्क्रिप्टमध्ये घालणार असाल तर, कोडस्निफर ३ मध्ये सगळं नीट सुधारलं तरी तो शून्य (म्हणजे यश) नाही, १ परत देतो. स्क्रिप्टला ते अपयश वाटतं आणि ती तिथेच थांबते.