जिभेला लावलेली पेन्सिल

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवरून एका ब्रिटिश सैनिकाने पत्नीला लिहिलेली एकेचाळीस पत्रे माझ्या टेबलावर आली, तेव्हा घडीवर विरलेले कागद सांधणे एवढेच काम माझ्याकडे होते. कागद ओलसर करून सरळ करण्याआधी अक्षर फुटते का, हे तपासावे लागते. म्हणून एका रेघेच्या टोकाला ओला कापूस टेकवला आणि ती करडी रेघ बघता बघता गर्द जांभळी झाली. पत्रे कॉपिंग पेन्सिलने लिहिलेली होती. तिच्या ग्रॅफाइटमध्ये मिसळलेला रंग ओल लागली की खुलतो, आणि अक्षर ठळक उठावे म्हणून लिहिणारे तिचे टोक जिभेला लावत.

पाणी वर्ज्य झाले, तशी मी भिंग घेऊन बसले. १९१५ च्या पत्रांत जवळजवळ प्रत्येक ओळ जांभळी सुरू होऊन करडी होत जाते. म्हणजे तो थांबत होता, टोक ओले करत होता, पुन्हा लिहीत होता. १९१६ च्या उन्हाळ्यानंतरची पाने मात्र सबंध करडी आहेत, ओळी उजवीकडे खाली घसरलेल्या आहेत आणि जांभळे आहे ते फक्त वरचे पत्नीचे नाव. मजकुरात थकव्याचा एक शब्द नाही. पत्रे त्याच्याच तुकडीचा अधिकारी वाचत असे, हे त्याला ठाऊक होते. १ जुलै १९१६ या एका दिवसात फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत ५७ हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. त्या आठवड्यात त्याने धाडले ते छापील कार्ड, ज्यावर नको त्या ओळी खोडायच्या आणि एक शब्द जास्त लिहिला तर कार्ड नष्ट होणार. त्याने ‘मी अगदी ठीक आहे’ तेवढे ठेवले होते.

तिचे एकही पत्र गठ्ठ्यात नाही, याचे मला फार वाईट वाटले. खंदकात आलेली पत्रे क्वचितच टिकत. तरी त्याच्या उत्तरांतून ती ऐकू येते: धुरकटणारी चूल, मुलाचा न हटणारा खोकला.

पत्रांच्या कृष्णधवल प्रती काढायचे ठरले होते. त्या रंगीतच हव्यात, असा आग्रह मी लेखी नोंदवला. शेवटच्या पत्राची घडी नेमकी तिच्या नावावरून गेली होती. ते नाव आधी कोरडे लिहून, मग ओल्या टोकाने गिरवलेले होते. उष्णतेने चिकटणारा पातळ टिश्यू मागून लावून ती चीर मी पाण्याचा थेंबही न वापरता सांधली.