शेपूट आपल्याकडे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या गच्चीवर रिमोटवरचं छोटं हेलिकॉप्टर उडवायचं नाही, हा आईचा हुकूम. म्हणून रविवारी पहाटे, वारा पडलेला असताना, पादऱ्याच्या रस्त्यावर मामाच्या शेतात जातो. यंत्र '४५०' म्हणतात त्या आकाराचं, पाती ३२५ मिलिमीटरची. खाली आडव्या काड्यांना पिंगपाँगचे चेंडू लावलेत. दिसतं थेट कोळ्यासारखं.

पहिल्या दिवशी ते नुसतं थरथरलं. दोन्ही पाती एका पातळीत फिरत नव्हती. एकाच्या टोकाला लाल टेप चिकटवली आणि लांबून, कडेने पाहिलं. लाल रेघ वर, दुसरी खाली. लाल पात्याचा कोन कमी व्हावा म्हणून त्याला जोडलेल्या दांडीचा सांधा अर्धा आटा फिरवला. परत पाहिलं, अजून अर्धा. रेघा एक झाल्या नि आवाजच बदलला!

शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगवणं महिनाभरात जमलं. फूटभर उंचीवर मात्र पात्यांखालची हवा जमिनीवरून उलटते, यंत्र साबणावरून घसरल्यासारखं पळतं. कमरेएवढं वर नेलं की शांत. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं. तिथे माझे हात अजून ऐकत नाहीत.

उत्तरायणानंतरच्या रविवारी शेपटीच्या पंख्यात मांजा अडकला. गरगरत तुरीत गेलं, दांडा वाकला. मामी म्हणाली, "अरे, त्यापेक्षा पतंगच उडव की!"